कोड वाचणाऱ्याची जबाबदारी : व्हर्च्युअल मशीनचे ड्रायव्हर आणि त्यांची तपासणी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी अभियांत्रिकीच्या अनेक तुकड्यांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवली. विद्यार्थ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम ते आधी वाचत आणि मग चालवून बघत. उत्तर बरोबर आलं तरी वाचताना पडलेले प्रश्न ते सोडून देत नसत. म्हणूनच या व्यासपीठावरून काय बोलावं, याचा मला फार विचार करावा लागला नाही. दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचणं हे माझं काम आहे. त्यातही लिनक्स कर्नलमधला, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, व्हर्च्युअल मशीनसाठी हार्डवेअरची सोय वापरणारा कोड. सभागृहात संगणकाच्या व्यवसायाशी संबंध नसलेली मंडळीही बरीच आहेत. विषय त्यांच्याही रोजच्या व्यवहाराशी निगडित आहे, म्हणून पायापासून सुरुवात करतो.

आपण मोबाइलवर एखादी सेवा उघडतो तेव्हा आपली विनंती कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरकडे जाते. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात आणि मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली. २०१६ मध्ये ॲमेझॉननं आणि २०१७ मध्ये गूगलनं मुंबईत तीच सोय आणली. अशा केंद्रातल्या एका सर्व्हरवर सहसा एकाच ग्राहकाचं काम चालत नाही. त्या एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात. एकावर रुग्णालयाच्या नोंदी असतील, दुसऱ्यावर एखाद्या व्यापाऱ्याचे हिशेब. तिसरं कुणी तरी आज सकाळीच भाड्यानं घेतलेलं असेल, आणि त्याचा हेतू काय हे कुणालाच ठाऊक नसतं. प्रत्येकाला वाटतं, हे यंत्र आपलं एकट्याचं आहे. हा समज टिकवणाऱ्या आणि एकाला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावू न देणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. मूळ यंत्र म्हणजे होस्ट, आणि त्याच्यावर चालणारं व्हर्च्युअल मशीन म्हणजे गेस्ट. हे दोन शब्द पुढे वारंवार येतील.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएमनं १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० बाजारात आणलं. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका निबंधात नेमकं मांडलं, की एखाद्या प्रोसेसरवर असं व्हर्च्युअल मशीन सरळपणे उभं करायचं तर त्याच्या आज्ञांमध्ये कोणता गुण हवा. यंत्राच्या नियंत्रणाला हात घालणारी प्रत्येक आज्ञा गेस्टनं चालवताच प्रोसेसरनं तिथेच थांबून नियंत्रण हायपरव्हायजरकडे सोपवलं पाहिजे. इंटेलच्या एक्स-८६ घराण्यात हा गुण नव्हता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात पेंटियमच्या अशा १७ आज्ञा दाखवून दिल्या गेल्या. पॉप-एफ ही त्यांतलीच एक. गेस्टनं तिच्यातून इंटरप्ट बंद करायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर ना तक्रार करी, ना ते काम करी. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरनं गेस्टचा कोड चालता चालता बदलून या अडचणीवर मात केली. पुढे इंटेलनं २००५ च्या अखेरीस आणि एएमडीनं २००६ मध्ये खुद्द प्रोसेसरमध्येच सोय केली. ऑक्टोबर २००६ मध्ये क्युमरानेट या इस्रायली कंपनीच्या अवी किव्हिटी यांनी त्या सोयीवर उभा केलेला केव्हीएम हा कोड लिनक्सच्या विकासकांपुढे ठेवला, आणि फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० या आवृत्तीत तो आला सुद्धा. आरंभी तो कर्नलच्या ड्रायव्हर्स विभागातच राहत होता. प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीनची सोय हेही एक उपकरण मानायचं आणि तिच्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कर्नलमधला कोड, लिहायचा, हा तो विचार होता.

इथून माझ्या खऱ्या विषयाला येतो. असा ड्रायव्हर वाचायचा म्हणजे काय करायचं?

साध्या ड्रायव्हरमध्ये एका बाजूला कर्नल आणि दुसऱ्या बाजूला प्रिंटर किंवा नेटवर्क कार्ड असतं. उपकरण बिघडेल, चुकीचं उत्तर देईल, पण मुद्दाम घात करणार नाही, असं आजवर धरून चालत आले. व्हर्च्युअल मशीनच्या कोडमध्ये समोर आणखी एक चालतं यंत्र असतं, आणि त्यावर बसलेला माणूस बुद्धिमान आणि चिकाटीचा असू शकतो. म्हणून वाचताना प्रत्येक ओळीशी मी एक प्रश्न विचारतो: ही मेमरी आणखी कोण लिहू शकतं, आणि कधी?

२०२१ ची एक घटना सांगतो. व्हर्च्युअल मशीनच्या आत आणखी एक व्हर्च्युअल मशीन चालवता येतं. एएमडीच्या प्रोसेसरवर बाहेरचा गेस्ट त्यासाठी स्वतःच्या मेमरीत एक नियंत्रणपत्रक तयार ठेवतो: आतल्या मशीननं कोणत्या आज्ञा दिल्या की थांबवायचं, कुठून सुरू करायचं, वगैरे. केव्हीएम ते पत्रक वाचून आधी तपासतं आणि मग अमलात आणतं. लिनक्सच्या ५.१० या आवृत्तीत आलेल्या कोडमध्ये तपासणी गेस्टच्या मेमरीतल्या मूळ पत्रकावर होत होती, आणि वापरायची नक्कल त्याच मूळ पत्रकावरून नंतर काढली जात होती. दोन्ही कामं आपापल्या जागी बिनचूक. पण मधल्या क्षणात त्याच गेस्टचा दुसरा प्रोसेसर पत्रक बदलू शकत होता. दुकानदारानं नोटांचं पुडकं मोजून घेतलं, पुन्हा गिऱ्हाइकाच्या हातात दिलं, आणि मग न मोजता गल्ल्यात टाकलं, तसा हा प्रकार.

गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधले संशोधक फेलिक्स विल्हेल्म यांनी ही फट शोधली आणि तिच्यातून गेस्टमधून थेट होस्टच्या कर्नलपर्यंत पोचता येतं हे दाखवून दिलं. केव्हीएममधून अशी सुटका करून घेण्याचे तोवर जाहीर झालेले बहुतेक मार्ग कर्नलबाहेरच्या, उपकरणांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या चुकांवर अवलंबून होते. इथे खुद्द कर्नलमधली चूक पुरेशी ठरली. दुरुस्ती काही ओळींची होती: आधी नक्कल आपल्या मेमरीत घ्यायची, आणि मग त्या नकलेचीच तपासणी करायची.

ही चूक चाचणीत सापडली नाही यात नवल नाही. चाचणी लिहिणारा सरळ वागणारा गेस्ट डोळ्यांपुढे ठेवतो आणि सरळ वागणारा गेस्ट मधल्या क्षणात पत्रक बदलत नाही. ही फट दिसायला एका वाचकानं त्या दोन ओळींमध्ये थांबायला हवं होतं.

याच जातीचं आणखी अवघड उदाहरण झेन या हायपरव्हायजरच्या संदर्भात डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झालं. तिथल्या काही ड्रायव्हरांत मूळ कोडमध्ये सामायिक मेमरी एकदाच वाचलेली दिसत होती. पण मूळ कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला ती मेमरी दुसरं कुणी बदलत असेल याची कल्पना नव्हती. त्यानं एका स्विच विधानातून दोन वाचनं निर्माण केली. पहिल्या वाचनात किंमत मर्यादेत आहे का ते पाहिलं, आणि दुसऱ्या वाचनातल्या किमतीवरून कुठे उडी मारायची ते ठरवलं. सी भाषेच्या नियमांनुसार कंपायलरचं काहीच चुकलं नव्हतं. म्हणून अशा ठिकाणी ‘ही किंमत एकदाच वाच’ असं कंपायलरला बजावणारा रीड-वन्स हा मॅक्रो वापरतात. त्या शब्दाच्या जागी साधं समान-चिन्ह दिसलं तर मी तिथेच अडतो. लेखक विचारतो, कोड तर बरोबर चालतोय? चालतोय, या कंपायलरच्या या आवृत्तीत. पुढच्या आवृत्तीची हमी कोण देणार?

दुसरा प्रश्न क्रमाचा. गेस्टला नेटवर्क किंवा डिस्क द्यायची तर खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करणं महाग पडतं, कारण गेस्टनं कार्डाच्या रजिस्टरला हात लावला की प्रत्येक वेळी हायपरव्हायजरकडे खेप होते. म्हणून ऑस्ट्रेलियाचे रस्टी रसेल यांनी व्हर्टायो ही रचना आणली. गेस्ट आणि होस्ट यांच्यात सामायिक मेमरीत रांगा असतात. गेस्ट कामं रांगेत ठेवतो, होस्ट उचलतो, आणि काम झालं की दुसऱ्या रांगेत नोंदवतो. होस्ट आधीच कामात असेल तर त्याला हाक मारायची गरज नाही, म्हणून ‘सध्या हाक मारू नकोस’ असा इशाराही तिथे ठेवता येतो. याच इशाऱ्याजवळ एक जुनी अडचण दबा धरून असते. रांग रिकामी पाहून होस्ट झोपायच्या तयारीला लागतो आणि ‘आता हाक मार’ असं लिहितो. त्याच वेळी गेस्ट नवं काम रांगेत ठेवतो आणि इशारा वाचतो. आधुनिक प्रोसेसर आपलं लिहिणं थोडं मागे ठेवून पुढचं वाचणं आधी उरकू शकतो. एक्स-८६ वरही हे घडतं. मग गेस्टला जुना इशारा दिसतो आणि होस्टला जुनी रिकामी रांग. गेस्ट उत्तराची वाट बघतो, होस्ट हाकेची. नेटवर्क ठप्प होतं आणि लॉगमध्ये एक अक्षरही उमटत नाही.

उपाय पुस्तकात आहे. दोन्ही बाजूंनी लिहिणं आणि वाचणं यांच्यामध्ये पूर्ण मेमरी बॅरियर, म्हणजे हा क्रम न मोडण्याची सक्ती करणारी आज्ञा, हवा, आणि इशारा बदलल्यावर होस्टनं रांग पुन्हा एकदा पाहायला हवी. रिव्ह्यू करणाऱ्यानं मात्र नुसता बॅरियर आहे का एवढं पाहून भागत नाही. एका बाजूच्या बॅरियरला जोडीदार लागतो आणि तो बहुधा दुसऱ्याच फाइलमध्ये, कधी तर दुसऱ्याच प्रकल्पात असतो. म्हणून प्रत्येक बॅरियरशेजारी त्याचा जोडीदार कुठे आहे हे सांगणारी टीप असावी, असा कर्नलमध्ये आग्रह धरतात. टीप नसेल तर मी पॅच, म्हणजे लेखकानं सुचवलेला बदल, परत पाठवतो. ती टीप लिहायला बसलं की लेखकाला कधी कधी स्वतःच कळतं, की जोडीदार कुठेच नाही.

काळाचा असाच प्रश्न गेस्टच्या मेमरीबाबत येतो. होस्टचं कर्नल गेस्टची पानं हलवू शकतं, डिस्कवर टाकू शकतं. तसं करताना ते केव्हीएमला कळवतं, आणि केव्हीएम त्या पानाकडे जाणारी नोंद पुसतं. पण केव्हीएम नेमकं त्याच पानाची नवी नोंद करण्याच्या मध्यावर असेल तर? पत्ता शोधून झालाय, नोंद व्हायचीय, आणि तेवढ्यात पान दुसऱ्याला दिलं गेलं. मग गेस्ट परक्याच्या मेमरीत लिहू लागेल. म्हणून पत्ता शोधण्याआधी एक क्रमांक टिपून ठेवतात, कुलूप घेतल्यावर तो बदलला का ते पाहतात, आणि बदलला असेल तर सगळं पहिल्यापासून करतात. नियम छोटा आहे. तरी वेग वाढवण्याच्या पॅचमध्ये कुणी क्रमांक टिपण्याची ओळ दोन ओळी खाली सरकवली, तर वाचकाच्या लक्षात यायला हवं की संरक्षण गेलं. वेग मोजता येतो, आलेख काढता येतो. गेलेलं संरक्षण कुठल्याच आलेखात दिसत नाही.

चुकांनंतरची आवराआवर, बाइटचा क्रम, रिकाम्या जागेतून बाहेर झिरपणारी जुनी माहिती, यांवरही बरंच बोलता येईल. तपासयादीत ते सगळं असतं आणि आता साधनं त्यातलं पुष्कळ पकडतात. स्पार्स बाइटचा क्रम तपासतं, स्मॅच आणि कॉक्सिनेल नेहमीचे साचे शोधतात, आणि सिझबॉट रात्रंदिवस कर्नलवर विचित्र मागण्यांचा मारा करून ते कोसळवू पाहतो. ही साधनं जरूर वापरावीत. त्यांनी वाचकाचा भार हलका केला आहे, आणि उरलेला वेळ वर सांगितलेल्या प्रश्नांना द्यायचा असतो. आयबीएमचे मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये कोडच्या शिस्तबद्ध तपासणीवर निबंध लिहिला, तेव्हापासून या व्यवसायाला ठाऊक आहे, की चालवून न सापडणाऱ्या चुका वाचून सापडतात.

आता माणसांकडे वळतो. जुलै २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या हायपर-व्ही हायपरव्हायजरवर लिनक्स नीट चालावं म्हणून सुमारे २०,००० ओळींचे ड्रायव्हर जीपीएल परवान्याखाली दिले. तेव्हा ही मोठी बातमी होती. ड्रायव्हर स्टेजिंग या विभागात ठेवले गेले. चालतात, पण अजून कर्नलच्या रीतीचे नाहीत, असा कोड तिथे राहतो. लिनक्सकडे स्वतःची कुलुपं आणि याद्या असताना या कोडनं त्यांच्यावर आपली वेगळी आवरणं चढवली होती. काही महिन्यांतच स्टेजिंग सांभाळणारे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी जाहीर बजावलं, की कंपनीचे विकासक उत्तर देत नाहीत, आणि ते परतले नाहीत तर हा कोड काढून टाकण्यात येईल. ते परतले. के. वाय. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोटे छोटे पॅच पाठवायला सुरुवात केली. आवरणं उतरवली, नावं बदलली, नको तो कोड काढला. जुलै २०११ च्या लिनक्स ३.० मध्ये बदलांच्या संख्येत श्रीनिवासन सगळ्यांच्या पुढे होते, ते याच कामामुळे. ड्रायव्हर बारीक आणि स्वच्छ झाले, आणि २०११-१२ मध्ये एकेक करून मुख्य विभागात गेले. पुण्यातल्या त्या क्लाउड केंद्रात आज कुणी लिनक्सचं मशीन घेतलं, तर त्याची डिस्क आणि नेटवर्क सहसा याच घराण्याच्या ड्रायव्हरांवर चालतात.

यात दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी, की कंपनी किती मोठी हे पाहून नियम वाकवला गेला नाही. दुसरी अशी, की नकाराबरोबर काय दुरुस्त करायचं हेही सांगितलं गेलं, आणि ते करायला वेळ दिला गेला. रिव्ह्यू म्हणजे फाटकावर अडवणं, असा समज आपल्याकडच्या कचेऱ्यांत मी बघतो. अडवणं हा त्याचा छोटा भाग आहे. लेखकानं काय गृहीत धरलंय ते त्याला शब्दांत मांडायला लावणं, हा मोठा भाग. ‘हे चूक आहे’ यापेक्षा ‘या दोन ओळींच्या मध्ये गेस्टनं ही किंमत बदलली तर काय होईल?’ असं लिहिलेलं लेखकाला पुढच्या दहा पॅचमध्ये उपयोगी पडतं.

गेल्या काही वर्षांत ‘ही मेमरी आणखी कोण लिहू शकतं’ हा प्रश्न उलटाही विचारावा लागतोय. एएमडीचं एसईव्ही आणि इंटेलचं टीडीएक्स यांनी गेस्टची मेमरी होस्टपासूनही लपवायची सोय केली. क्लाउड चालवणाऱ्या कंपनीवरही विश्वास ठेवावा लागू नये, हा हेतू. एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी या रूपासाठी आणि टीडीएक्ससाठी गेस्टच्या बाजूचा कोड जुलै २०२२ च्या ५.१९ या आवृत्तीत एकदमच आला. त्यामुळे गेस्टमधल्या ड्रायव्हरांची सगळी जुनी भिस्त ढासळली. उपकरण खरं बोलतं असं धरून लिहिलेला हजारो ओळींचा कोड आता त्या उपकरणावर संशय घेत पुन्हा वाचावा लागतो. आणि संशयालाही किंमत मोजावी लागते. २०२१ मध्ये व्हर्टायोमध्ये, उपकरणानं कळवलेली लांबी मर्यादेत आहे का, याची तपासणी घातली. तपासणी योग्यच होती. पण आधीपासून चालू असलेली काही उपकरणं ती लांबी चुकीची कळवत होती आणि आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तपासणी लागताच चालणाऱ्या गोष्टी बंद पडू लागल्या, आणि तो बदल मागे घ्यावा लागला. संरक्षण वाढवायचं आणि वापरणाऱ्याचं चालू काम मोडू द्यायचं नाही, या दोन्ही जबाबदाऱ्या वाचणाऱ्याच्याच आहेत. त्यांच्यात निवड करायला यंत्र मदत करत नाही. वर्षानुवर्षं तो कोड सांभाळलेल्या माणसाचं मत तिथे लागतं.

अशी माणसं थोडी आहेत. कर्नलमध्ये पॅचखाली ‘रिव्ह्यूड-बाय’ अशी ओळ घालून वाचणारा आपलं नाव लिहितो. त्या ओळीचा अर्थ लिखित ठरलेला आहे: मी तांत्रिक तपासणी केली, आढळलेल्या शंका लेखकाला कळवल्या, त्यांचं समाधान झालं, आणि हा बदल घेण्यालायक आहे असं माझं मत आहे. कोड सगळीकडे चालेलच अशी हमी त्यात नाही. ही मर्यादा मला प्रामाणिक वाटते. सही करणारा स्वतःच्या वाचनापुरतं बांधून घेतो, पण तेवढ्यापुरतं पक्कं बांधून घेतो. न वाचता केलेली सही म्हणूनच सही नसण्यापेक्षा घातक आहे, कारण ती पाहून पुढचे चार जण वाचायचे थांबतात.

पुण्या-मुंबईत या क्षेत्रात काम करणारे मराठी तरुण मोठ्या संख्येनं आहेत. पुण्यात रेड हॅटसारख्या, लिनक्सवरच उभ्या असलेल्या कंपनीची कचेरी आहे. परदेशात गेलेलेही पुष्कळ आहेत. त्यांतले बरेच जण लिहितात, चांगलं लिहितात. वाचण्याला मात्र आपल्या शिक्षणात आणि नोकरीत जागा नाही. महाविद्यालयात चार वर्षं प्रोग्रॅम लिहायला लावतात. दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचून त्यावर टिपण लिहायला क्वचितच कुणी सांगतं. वार्षिक मूल्यमापनात किती ओळी लिहिल्या, किती कामं बंद केली, हे मोजतात. तीन दिवस एक पॅच वाचून ज्यानं एक फट दाखवली, त्याच्या तीन दिवसांची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे कुणी सांगत नाही. घडलं नाही ते मोजता येत नाही, म्हणून ते टाळणाऱ्याचं काम दिसत नाही. दिसत नाही ते काम हळूहळू कुणी करेनासं होतं, आणि त्याचा भार जगभर मूठभर मेंटेनरांवर येऊन पडतो.

म्हणून दोन मागण्या करतो. इथे बसलेल्या प्राध्यापकांनी लिनक्सच्या इतिहासातले दहा जुने पॅच निवडावेत, काही नंतर चुकीचे ठरलेले आणि काही उत्तम. ते विद्यार्थ्यांना वाचायला द्यावेत आणि गुण द्यावेत ते त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना. हा सगळा इतिहास खुला आणि फुकट आहे, त्याला प्रयोगशाळाही लागत नाही. आणि कंपन्यांमध्ये अधिकारपदावर असलेल्यांनी रिव्ह्यूचे तास कामाचे तास म्हणून लिहावेत आणि बढतीच्या वेळी ते मोजावेत. ज्या रुग्णाच्या नोंदी अनोळखी शेजाऱ्यापासून सुरक्षित राहतात, त्याला हे वाचन कुणी केलं ते कधी कळणार नाही. त्याला कळायची गरजही नाही. पण ज्यांना कळतं, त्यांनी या कामाला नाव, वेळ आणि मोबदला दिला पाहिजे, कारण या कामाला दुसरा कुणी वाली नाही.